किरणोत्सारी आयोडीन थायरॉइडच्या कर्करोगपेशीत नेमके काय घडवते

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आईंना पॅपिलरी प्रकारचा थायरॉइड कर्करोग झाला, शस्त्रक्रियेत संपूर्ण ग्रंथी आणि मानेतील बाधित लसीकाग्रंथी काढल्या, नंतर किरणोत्सारी आयोडीनची एक मात्रा दिली गेली. तरीही रक्तातील थायरोग्लोब्युलिन (हे प्रथिन थायरॉइडच्या पेशीच बनवतात) अपेक्षेइतके उतरलेले नाही आणि दुसऱ्या मात्रेचा विचार चालू आहे. हे औषध कर्करोगाच्या पेशीचे काय करते, ते तिलाच कसे गाठते आणि एवढे होऊनही काही पेशी का उरतात, हे आपल्याला समजून घ्यायचे आहे. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये मी बरीच वर्षे हेच उपचार करत आलो आहे. उत्तर लांबेल, पण दुसऱ्या मात्रेचा निर्णय या प्रक्रियेच्या समजुतीवरच अवलंबून असल्याने ते लांबू देणे योग्य वाटते.

आयोडीनला कर्करोग ओळखता येत नाही. त्याला ओळखता येते ती थायरॉइडची पेशी, आणि कर्करोगाची पेशी त्याच्या तावडीत सापडते ती तिच्यात मूळच्या थायरॉइडपणाचा काही अंश शिल्लक असतो म्हणूनच. त्यामुळे या उपचारात एक विचित्र उलटा न्याय आहे: पेशी जितकी मवाळ, मूळ ग्रंथीशी जितकी मिळतीजुळती, तितकी ती आयोडीनने सहज मरते, आणि जी पेशी सर्वांत बेफाम झाली आहे, जिला मारणे सर्वांत गरजेचे आहे, तीच आयोडीनला दाद देत नाही.

थायरॉइडच्या पेशीला हार्मोन बनवण्यासाठी आयोडीन लागते आणि रक्तात ते अत्यल्प असते. ते ओढून घेण्यासाठी पेशीच्या रक्ताकडील पटलावर एक वाहक प्रथिन असते, त्याला सोडियम-आयोडाइड सिम्पोर्टर म्हणतात. त्याचे जनुक १९९६ साली नॅन्सी कॅरास्को यांच्या प्रयोगशाळेने वेगळे केले. हे प्रथिन सोडियमचे दोन आयन आत घेताना त्यांच्यासोबत आयोडाइडचा एक आयन आत ओढते. पेशीबाहेर सोडियम जास्त आणि आत कमी, हा फरक पेशी स्वतःची ऊर्जा खर्चून सतत टिकवून ठेवते आणि त्याच उतारावर आयोडाइड आत येते. निरोगी ग्रंथी अशा रीतीने रक्तातल्यापेक्षा वीस ते चाळीस पट आयोडाइड आत साठवू शकते. आत आलेले आयोडाइड मग थायरॉइड पेरॉक्सिडेज या विकराच्या मदतीने थायरोग्लोब्युलिन या मोठ्या प्रथिनाला जोडले जाते आणि तिथे पुष्कळ दिवस टिकते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचे टीएसएच हे हार्मोन या साखळीला चालना देते; ते वाढले की वाहक प्रथिने अधिक तयार होतात आणि पेशीच्या पटलावर टिकून राहतात.

आता कर्करोगाच्या पेशीत यातले काय उरते ते पाहू. पॅपिलरी आणि फॉलिक्युलर प्रकारांत ही यंत्रणा बहुधा शिल्लक असते, पण दुबळी होते. वाहक प्रथिने कमी बनतात; काही वेळा बनतात पण पटलापर्यंत न पोहोचता पेशीच्या आतच अडकून राहतात, आणि आत अडकलेला वाहक आयोडीन ओढण्याच्या दृष्टीने नसल्यासारखाच असतो. आयोडीन थायरोग्लोब्युलिनला जोडणारी पायरीही क्षीण होते, त्यामुळे आत आलेले आयोडीन पक्के न बसता परत रक्तात झिरपते. फुटक्या माठात पाणी भरण्यासारखा हा प्रकार आहे: किती ओतले यापेक्षा किती वेळ टिकले याला महत्त्व येते. निरोगी ग्रंथीत किरणोत्सारी आयोडीनचे प्रभावी अर्धायुष्य, म्हणजे तिथले हे आयोडीन निम्म्यावर यायला लागणारा वेळ, सहा-सात दिवस असू शकते, तर कर्करोगाच्या ऊतीत ते दोन-तीन दिवसांवर किंवा त्याहूनही खाली येते. पॅपिलरी कर्करोगात वारंवार सापडणारे बीआरएएफ जनुकातील व्ही-६००-ई हे उत्परिवर्तन पेशीला सतत वाढीचा संदेश देत राहते, आणि त्याच संदेशाच्या ओघात वाहकाचे जनुक मंदावते. मेड्युलरी कर्करोग वेगळ्याच, कॅल्सिटोनिन हे हार्मोन बनवणाऱ्या पेशींतून उगवतो. त्यांच्यात हा वाहक नसतोच, म्हणून तिथे या उपचाराचा उपयोग नाही. ॲनाप्लास्टिक प्रकारात तो नष्ट झालेला असतो.

पेशीत शिरल्यावरचा भाग भौतिकशास्त्राचा आहे. आपण वापरतो ते आयोडीन-१३१ ग्लेन सीबॉर्ग आणि जॉन लिव्हिंगूड यांनी १९३८ साली बर्कली येथे शोधले. त्याचे अर्धायुष्य सुमारे आठ दिवसांचे. विघटन होताना त्यातून एक बीटा कण, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन, बाहेर पडतो आणि बहुतेक वेळा सोबत ३६४ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण. गॅमा किरण शरीराबाहेर निघून जातात. स्कॅनमध्ये दिसतात ते तेच, आणि रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवायचे तेही त्यांच्याचमुळे. पेशी मारण्याचे काम मात्र जवळजवळ सर्वस्वी बीटा कणांचे आहे. त्यांची सरासरी ऊर्जा सुमारे १९० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. ऊतीत ते सरासरी ०.४ मिलिमीटर आणि फार तर दोन-अडीच मिलिमीटर जातात.

या ०.४ मिलिमीटरमध्ये साधारण तीसेक पेशी एका ओळीत मावतात. म्हणजे एका पेशीने आयोडीन घेतले तर तिच्या शेजारच्या कित्येक पेशींनाही मारा बसतो, जरी त्यांनी स्वतः आयोडीन घेतलेले नसले तरी. गाठीतल्या सर्व पेशी सारख्या नसतात, काही चांगले आयोडीन घेतात आणि काही मुळीच घेत नाहीत, त्यामुळे हा शेजारधर्म उपचाराला फार उपयोगी पडतो. पण त्याला दोन्हीकडून मर्यादा आहेत. गाठ मोठी असेल आणि आयोडीन न घेणाऱ्या पेशींचा पट्टा काही मिलिमीटर रुंद असेल, तर तो पट्टा सुरक्षित राहतो. उलट पेशींचा पुंजका मिलिमीटरच्या काही दशांशाइतकाच सूक्ष्म असेल, तर बीटा कण आपली बरीच ऊर्जा पुंजक्याच्या बाहेरच खर्च करतात. तरीही व्यवहारात सूक्ष्म फैलाव मोठ्या गाठीपेक्षा कितीतरी चांगला प्रतिसाद देतो. तरुण रुग्णांच्या फुफ्फुसांत बाजरीच्या दाण्यांसारखे पसरलेले, क्ष-किरण चित्रात दिसतही नाहीत असे ठिपके या उपचाराने पूर्ण नाहीसे झालेले मी पाहिले आहेत. हाडांतील मोठ्या फैलावाबाबत असे क्वचितच म्हणता येते.

बीटा कण पेशीतून जाताना पाण्याच्या रेणूंना फोडतो. त्यातून हायड्रॉक्सिलसारखे अतिशय अस्थिर मुक्त मूलक तयार होतात आणि ते क्षणार्धात जवळच्या डीएनएवर तुटून पडतात. काही वेळा कण थेट डीएनएवरच आदळतो. एका ग्रे (ऊतीने शोषलेल्या किरणांच्या मात्रेचे एकक) इतक्या किरणमात्रेमागे एका पेशीत डीएनएच्या एका धाग्याच्या हजारेक तुटी होतात आणि दोन्ही धागे एकाच जागी तुटल्याच्या वीस ते चाळीस. एकेरी तुट पेशी सहज सांधते, कारण समोरचा शाबूत धागा नमुन्याला असतो. दुहेरी तुटीत नमुनाच हरवतो, टोके घाईने जोडली जातात, चुकीची जोडली जातात, आणि अशा चुका साचत गेल्या की गुणसूत्रे विभाजनाच्या वेळी नीट वाटली जात नाहीत. पेशी तिथे मरते. काही पेशी पी-५३ या पहारेकरी प्रथिनाच्या आदेशाने त्याआधीच स्वतःला संपवतात, तर काही मरत नाहीत पण कायमच्या विभाजनाला मुकतात. गाठीच्या दृष्टीने त्याही हिशेबातून गेल्याच.

यातून एक गोष्ट निघते, जी मी प्रत्येक कुटुंबाला आधीच सांगतो. हे मरण संथ आहे. किरणे एका झटक्यात न मिळता अनेक दिवस हळूहळू मिळतात आणि पेशी त्याच काळात दुरुस्तीही करत असते. शिवाय पॅपिलरी कर्करोगाच्या पेशी सावकाश विभागतात, आणि जखमी पेशी बहुधा विभाजनाच्या वेळीच मरते. म्हणून पहिल्या महिन्यात थायरोग्लोब्युलिन उतरले नाही, किंवा फुटणाऱ्या पेशींतून बाहेर पडल्यामुळे काही काळ वाढले, तरी त्यावरून निष्कर्ष काढू नये. सहा ते बारा महिन्यांनंतरचा आकडा खरा.

आता मात्रेचा हिशेब. रुग्ण आणि नातेवाईक मिलिक्युरीचे, म्हणजे पाजलेल्या किरणोत्साराच्या एककाचे, आकडे परीक्षेतील गुणांसारखे एकमेकांना सांगतात, हे मला प्रतीक्षाकक्षात नेहमी ऐकू येते. पण पाजलेली मात्रा आणि गाठीला मिळालेली मात्रा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हॅरी मॅक्सन यांच्या १९८३ मधील अभ्यासापासून असे मानले जाते की शस्त्रक्रियेनंतर उरलेली निरोगी ऊती नष्ट करायला सुमारे ३०० ग्रे आणि लसीकाग्रंथींतील फैलावाला ८० ग्रे किंवा अधिक लागतात. एक ग्रॅम ऊतीत सात मेगाबेकरेल, म्हणजे जवळपास ०.२ मिलिक्युरी, आयोडीन जाऊन तीन दिवसांच्या प्रभावी अर्धायुष्याने तिथे राहिले, तर त्या ऊतीला साधारण ८० ग्रे मिळतात. म्हणजे १०० मिलिक्युरीच्या मात्रेपैकी दर ग्रॅममागे केवळ ०.२ टक्का पुरतो. पण तेच आयोडीन एका दिवसाच्या अर्धायुष्याने निसटू लागले तर तिप्पट लागेल, आणि वाहकच नसला तर ५०० मिलिक्युरी पाजूनही गाठीला काही मिळणार नाही. मिळेल ते अस्थिमज्जेला आणि लाळग्रंथींना.

दुसरा एक हिशेब अधिक बोलका आहे. १०० मिलिक्युरी आयोडीन-१३१ चे वजन एक मायक्रोग्रॅमही भरत नाही; ते ०.८ मायक्रोग्रॅमच्या आसपास येते. आपल्या घरच्या आयोडीनयुक्त मिठात एका ग्रॅमला किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असावे असा भारतीय मानकाचा नियम आहे. म्हणजे चिमूटभर मिठातले साधे आयोडीन उपचाराच्या आयोडीनपेक्षा कितीतरी पट जास्त भरते, आणि पेशीचा वाहक साधे व किरणोत्सारी असा भेद करत नाही. आधीचे एक-दोन आठवडे आयोडीनविरहित मीठ, समुद्री मासळी बंद, दुधाचे पदार्थ कमी, असे पथ्य असते ते यासाठी. त्याहून मोठा धोका औषधांचा असतो. आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट देऊन केलेला सीटी स्कॅन शरीरात इतके आयोडीन ओततो की त्यानंतर सहा ते आठ आठवडे थांबणे शहाणपणाचे ठरते, आणि हृदयासाठी घेतलेल्या ॲमिओडॅरोनचा परिणाम तर अनेक महिने टिकतो. मासळी काटेकोर बंद केली पण महिन्यापूर्वीचा कॉन्ट्रास्ट सीटी कोणी विचारलाच नाही, अशी उदाहरणे दुर्मीळ नाहीत.

टीएसएच वाढवणे हा पूर्वतयारीचा दुसरा भाग. थायरॉक्सिनची गोळी तीन-चार आठवडे बंद ठेवून किंवा मानवी टीएसएचची इंजेक्शने लागोपाठ दोन दिवस देऊन ते साधतात. साधारणपणे ३० च्या वर गेलेले टीएसएच पुरेसे मानतात. पेशीत वाहक जनुक जिवंत असेल तरच याचा उपयोग. मेलेल्या यंत्रणेला टीएसएच जागे करत नाही.

या उपचाराच्या इतिहासातही हेच दिसते. न्यूयॉर्कच्या माँटेफिओरी रुग्णालयातील सॅम्युएल सीडलिन आणि सहकाऱ्यांनी १९४६ साली एका रुग्णाचे वृत्त प्रसिद्ध केले. त्याची थायरॉइड ग्रंथी पूर्वीच काढलेली होती, तरी त्याला थायरॉइड हार्मोन वाढल्याची सर्व लक्षणे होती, कारण शरीरभर पसरलेला कर्करोगच हार्मोन बनवत होता. किरणोत्सारी आयोडीनने त्याच्यात लक्षणीय सुधारणा झाली. बातमी गाजली आणि उपचाराबद्दल अवास्तव आशा निर्माण झाली. वास्तविक इतकी कार्यक्षम, जवळजवळ निरोगी ग्रंथीसारखी वागणारी गाठ हा अपवाद होता.

आपल्याकडे परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६० च्या दशकापासून हे उपचार होत आले आहेत. हे आयोडीन तुर्भ्याच्या अणुभट्टीत टेल्युरियमवर न्यूट्रॉनचा मारा करून बनवता येते आणि वाशीच्या ‘ब्रिट’ या सरकारी संस्थेकडून ते रुग्णालयांना पुरवले जाते. अर्धायुष्य आठ दिवसांचे असल्याने ते साठवून ठेवता येत नाही. उपचाराची तारीख सहज पुढेमागे करता येत नाही याचे एक कारण हेही आहे.

येथे एक शंका बहुतेकांच्या मनात येते आणि ती रास्त आहे. १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर बेलारूस आणि युक्रेनमधील हजारो मुलांना थायरॉइडचा कर्करोग झाला तो याच आयोडीन-१३१ मुळे, दुधावाटे पोटात गेल्याने. मग तेच औषध कसे? फरक मात्रेचा आणि वयाचा आहे. त्या मुलांच्या ग्रंथींना ग्रेच्या अंशापासून काही ग्रेपर्यंत किरणे मिळाली: पेशी मरावी इतकी नाहीत, पण तिचा डीएनए तुटून चुकीचा सांधला जावा इतकी. अशी जिवंत राहिलेली, चुकीची दुरुस्ती घेऊन विभागत राहणारी पेशी पुढे कर्करोगाचे बीज होते, आणि मुलांच्या वाढत्या ग्रंथीत अशा विभाजनांना वाव अधिक असतो. उपचारात पेशीला त्याच्या दहापट, शंभरपट किरणे मिळतात आणि दुरुस्त व्हायला ती उरत नाही. चेर्नोबिलच्या अशाच मुलांपैकी अनेकांवर पुढे जर्मनीत आयोडीन-१३१ नेच उपचार झाले आणि फुफ्फुसांत फैलाव असूनही त्यांचे निकाल चांगले आले.

अर्थात शरीराच्या इतर भागांना मिळणारी अल्प मात्रा निर्दोष असते असे मी म्हणणार नाही. लाळग्रंथी, जठराचे अस्तर आणि दूध येणारे स्तन यांच्यातही तोच वाहक असतो, म्हणून लाळग्रंथींना सूज, तोंडाला कोरड, चव जाणे हे त्रास होतात आणि एकूण मात्रा वाढत जाईल तसे ते टिकाऊ होतात. गर्भारपणात हा उपचार वर्ज्यच, आणि स्तनपान काही आठवडे आधीच थांबवावे लागते. एकत्रित मात्रा मोठी झाली की रक्ताच्या आणि इतर कर्करोगांचा धोका किंचित वाढतो. ज्यांचा धोका मुळात कमी आहे अशा रुग्णांना सरसकट आयोडीन देण्याची जुनी सवय त्यामुळेच सुटत चालली आहे. फ्रान्समधील एका मोठ्या चाचणीत अशा रुग्णांना आयोडीन न देताही तीन वर्षांनंतरचे निकाल आयोडीन दिलेल्यांइतकेच आले, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. लसीकाग्रंथींपर्यंत पोहोचलेला आईंचा आजार त्या गटात बसत नाही, म्हणून पहिली मात्रा मला योग्यच वाटते.

आता दुसऱ्या मात्रेकडे येतो. केवळ थायरोग्लोब्युलिन उतरले नाही म्हणून ती देण्याच्या मी विरुद्ध आहे. आधी पहिल्या मात्रेनंतर काही दिवसांनी काढलेला संपूर्ण शरीराचा स्कॅन काढून पाहावा आणि डॉक्टरांना विचारावे की मानेत किंवा फुफ्फुसांत कुठे आयोडीन बसले होते का. बसले असेल आणि आकडा हळू का होईना उतरत असेल, तर वाट पाहावी. उतरण थांबली तर दुसरी मात्रा देण्यात अर्थ आहे. स्कॅनमध्ये कुठेच काही बसले नव्हते आणि तरी थायरोग्लोब्युलिन वाढते आहे, तर अर्थ उलटा होतो: पेशी जिवंत आहेत, प्रथिन बनवत आहेत, पण आयोडीन घेण्याची शक्ती गमावून बसल्या आहेत. तेव्हा मानेची सोनोग्राफी आणि गरज पडल्यास एफडीजी-पेट स्कॅन (ग्लुकोजसारखे किरणोत्सारी द्रव्य देऊन काढलेला) करावा, कारण आयोडीन सोडून दिलेल्या पेशी बहुधा ग्लुकोज अधाशासारखे घेऊ लागतात आणि तिथे दिसतात. सापडलेली गाठ काढण्याजोगी असेल तर तिच्यावर शस्त्रक्रिया हाच आयोडीनपेक्षा सरस उपाय ठरतो. थायरोग्लोब्युलिनचा आकडा वाचताना त्याच नमुन्यातील टीएसएच आणि थायरोग्लोब्युलिनविरोधी प्रतिपिंडेही पाहिली पाहिजेत. प्रतिपिंडे असली तर आकडा फसवा असतो, आणि वाढलेल्या टीएसएचच्या काळातला आकडा दबलेल्या टीएसएचच्या काळातल्या आकड्याशी ताडून पाहणे चूक आहे.

दुसरी मात्रा द्यायचीच ठरली, तर त्याआधी पाहणीसाठी आयोडीन-१३१ ची मोठी मात्रा देऊ नये. पाहणीच्या मात्रेनेही पेशी जखमी होऊन वाहक गुंडाळून घेते आणि आठवड्याभराने दिलेली खरी मात्रा कमी ओढते, असा अनुभव आहे. त्यामुळे अगदी अल्प मात्रा किंवा बीटा कण न सोडणारे आयोडीन-१२३ वापरावे. दोन मात्रांत निदान सहा महिने जाऊ द्यावेत. पॅरिसजवळच्या गुस्ताव रूसी संस्थेच्या २००६ मधील अभ्यासात, दूरच्या फैलावातून स्कॅन पूर्ण स्वच्छ झालेल्या बहुतेक सर्व रुग्णांना तो परिणाम ६०० मिलिक्युरींच्या एकूण मात्रेच्या आतच मिळाला होता. त्यापुढे जाताना प्रत्येक वेळी स्वतंत्र विचार लागतो.

आयोडीनला न जुमानणारा आजार निघाला आणि तो वाढतही असला, तर लेन्व्हॅटिनिब किंवा सोराफेनिबसारखी औषधे आहेत. पहिल्याच्या चाचणीत आजार न वाढण्याचा मध्यम काळ १८.३ महिने होता, तर औषधाविना ३.६ महिने. पेशीला पुन्हा आयोडीन घ्यायला लावण्याचाही एक मार्ग आहे. वाढीचा तो अखंड संदेश औषधाने काही आठवडे रोखला, तर वाहक प्रथिन परत पटलावर येते; २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात सेल्युमेटिनिब घेतल्यावर २० पैकी १२ रुग्णांत आयोडीनचे शोषण वाढले आणि त्यांतील आठ जणांना उपचाराची मात्रा देण्याइतके ते पुरेसे ठरले. हा मार्ग अजून नित्याचा झालेला नाही आणि तो गाठीतील उत्परिवर्तनावर अवलंबून असतो, म्हणून आईंच्या शस्त्रक्रियेतील ऊतीचा मेणातला ठोकळा रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात जपून ठेवलेला आहे ना, एवढी चौकशी आजच करून ठेवावी. बीआरएएफची तपासणी पुढे लागली तर ती त्याच ठोकळ्यावर होते.